बाल्टिकची हान्सा बंदरं: छोट्या, महागड्या जहाजानेच जावं का?

निळीशाई
बाल्टिक समुद्राकाठची जुनी व्यापारी शहरं बघायची फार वर्षांची इच्छा आहे. कोपनहेगनला चढायचं, मग ल्यूबेकसाठी ट्राव्हेम्युंडे, पुढे ग्दान्स्क, रीगा, टालिन, विस्बी आणि शेवटी स्टॉकहोमला उतरायचं, असा मार्ग डोळ्यासमोर आहे. एजंटने दोन पर्याय पुढे ठेवलेत. एक जहाज तीनेक हजार प्रवाशांचं, दुसरं दोनशेच्या आतबाहेर. दुसऱ्याचं भाडं पहिल्याच्या तिप्पट. त्यात मद्य, टिप्स आणि काही सहली धरलेल्या आहेत, पण आम्ही दोघंही पीत नाही, त्यामुळे त्या आकर्षणाचा आम्हाला उपयोग नाही. कसिनो आणि रोजची नाचगाणी नसली तरी बिघडत नाही.
यजमान म्हणतात, समुद्र तोच, गावं तीच, मग तिप्पट पैसे कशाचे? मला काही उत्तर सुचलं नाही. इथे कुणी देईल का? शाकाहार, महिना, व्हिसा याबद्दलही लिहा.

हिशेबनीस
यजमानांना अनुमोदन. हौसेला मोल नाही हे खरं, पण बिल असतं. तेवढ्या पैशांत हीच शहरं रेल्वे, फेरी आणि बरी हॉटेलं धरून दुप्पट दिवस बघून होतात. सुइटची बाल्कनी बघायला युरोपात कशाला जायचं?

भटकभवानी
खुर्ची धरून बसले आहे. आमचाही विचार चालू आहे.

सुकाणू
ताई, मी मालवाहू जहाजांवर नोकरी केली, बाल्टिकमध्ये पुष्कळ ये-जा झाली. तुम्ही जास्तीचे पैसे मोजता ते मुख्यतः धक्क्याचे. सुइट, शँपेन, पांढरे हातमोजे हे सगळं नंतर.

ही बंदरं बांधली कुणासाठी ते आधी बघा. तेराव्या शतकापासून उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांनी मिळून हान्सा नावाचा संघ चालवला. ल्यूबेक त्याचं मुख्य शहर, आणि संघाची शेवटची सभा १६६९ मध्ये तिथेच भरली. त्यांचं जहाज म्हणजे कॉग: पोट फुगीर, एक डोलकाठी, एक चौकोनी शीड. १९६२ मध्ये ब्रेमेनला वेझर नदीच्या गाळात असा एक कॉग सापडला, १३८० चा. लांबी जेमतेम चोवीस मीटर. आता तो ब्रेमरहाफेनच्या संग्रहालयात उभा आहे. असली जहाजं नदीतून आत येऊन थेट गोदामाच्या दाराशी लागायची. म्हणून ल्यूबेक समुद्रापासून आत ट्राव्हे नदीवर, रीगा दौगावा नदीवर आणि ग्दान्स्क मोटवावाच्या काठी. वादळ आणि चाचे, दोघांपासूनही आडोसा.

तीनशे मीटरचं जहाज अशा ठिकाणी नेणं म्हणजे बोळात एसटी घालणं. म्हणून मोठी क्रूझ जहाजं 'ग्दान्स्क' म्हणून बहुधा ग्दिनियाला लागतात, तिथून बसने शहर गाठायचं. 'स्टॉकहोम' म्हणून कित्येकदा न्यूनेसहाम्नला, म्हणजे शहराच्या साठेक किलोमीटर दक्षिणेला. 'बर्लिन' म्हणून चक्क वार्नेम्युंडेला, आणि तिथून बर्लिन एका बाजूने जवळपास तीन तास! दोनशे प्रवाशांचं जहाज १३०-१४० मीटरचं असतं, पाण्यात पाच मीटरच्या आसपास बुडतं. ते स्टॉकहोमला शेप्सब्रूनच्या धक्क्याला लागू शकतं. शिडी उतरलात, रस्ता ओलांडलात, की जुन्या शहरात.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांच्या लक्षात येत नाही. बाल्टिकला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. मुंबईत उधाणाला पाणी चार-पाच मीटर वर-खाली होतं, तिथे काही सेंटिमीटर. वाऱ्याने आणि हवेच्या दाबाने पाणी चढतं-उतरतं तेवढंच. त्यामुळे शहराच्या मध्यावर, पायरीला लागून जहाज दिवसभर आरामात उभं राहतं.

एजंटला सुइटचा मजला विचारू नका. प्रत्येक बंदरात कोणत्या धक्क्याला लागणार आणि किती तास थांबणार, हे लेखी मागा. ते देता येत नसेल तर तिप्पट भाडं कशासाठी, हा यजमानांचा प्रश्न बरोबर आहे.

एल्बेकाठी
हॅम्बुर्गहून. सुकाणूकाकांच्या म्हणण्याला ल्यूबेकपुरती पुरवणी: तिथे छोटं जहाजही बहुतेक वेळा ट्राव्हेम्युंडेलाच थांबतं. तिथून लोकल ट्रेनने वीसेक मिनिटांत शहर. जहाजाची सशुल्क सहल घेऊ नका, स्टेशन चालत जाण्याजोगं आहे.

ल्यूबेक श्रीमंत झालं ते मिठावर आणि हेरिंगवर. स्वीडनच्या दक्षिण टोकाला स्कोनेच्या किनाऱ्यावर शरद ऋतूत हेरिंगचे थवेच्या थवे यायचे. मासा तिथला, मीठ ल्यूनेबुर्गच्या खाऱ्या झऱ्यांमधलं, पिंपं आणि जहाजं ल्यूबेकची. गिऱ्हाईक म्हणजे सगळा ख्रिस्ती युरोप, कारण त्यांच्या उपासाला मांस बंद आणि मासे चालू. (आपल्याकडच्या काही घरांत हे ऐकून लगेच धर्मांतराचा विचार होईल.) १३९८ मध्ये तर मिठाच्या वाहतुकीसाठी कालवाच खोदला. होल्स्टेनटोर हा दोन बुरुजांचा दरवाजा १४७८ मध्ये पुरा झाला. त्याच्या शेजारी नदीला लागून मिठाची गोदामं अजून उभी आहेत. आता त्यांत कपड्यांचं दुकान आहे.

माझी एक सूचना. या प्रवासात बेर्न्ट नोटके या एका माणसाच्या मागे फिरा. पंधराव्या शतकातला ल्यूबेकचा चित्रकार आणि मूर्तिकार. त्याचा कारखाना ऑर्डरी घेऊन माल जहाजाने पाठवायचा. ल्यूबेकच्या कॅथेड्रलमध्ये त्याचा १४७७ चा सतरा मीटर उंच क्रूस आहे. टालिनला निगुलिस्ते चर्चमध्ये त्याच्या 'मृत्यूचा नाच' या चित्राचा साडेसात मीटरचा तुकडा आहे: सांगाडे पोपचा, सम्राटाचा हात धरून नाचताहेत. ल्यूबेकमधलं असंच चित्र मार्च १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं. त्या रात्री मारीएनकिर्शे या चर्चच्या मनोऱ्यातल्या घंटा खाली कोसळल्या, त्या फुटलेल्या अवस्थेत आजही तिथेच जमिनीवर पडलेल्या ठेवल्यात. आणि स्टॉकहोमला स्टूरशिर्कान चर्चमध्ये नोटकेच्याच नावावरचा १४८९ चा लाकडी संत जॉर्ज. त्याच्या ड्रॅगनला खऱ्या एल्क सांबराची शिंगं लावली आहेत! ही तीन शहरं म्हणजे एकाच बाजारपेठेचे तीन कोपरे होते, हे पुस्तकात वाचून पटत नाही. नोटकेच्या मागे फिरलं की पटतं.

मार्झिपान (बदाम-साखरेची मिठाई) ल्यूबेकचं की टालिनचं, हा वाद दोन्हीकडे उकरून बघा. टालिनवाले सांगतात की ते त्यांच्या टाउन हॉल चौकातल्या औषधाच्या दुकानात तयार झालं. ते दुकान निदान १४२२ पासून चालू आहे, हे मात्र वादातीत.

हिशेबनीस
वाचायला छान आहे, पण माझा मुद्दा तिथेच आहे. टालिनचं बंदर जुन्या शहरापासून पंधरा मिनिटांच्या चालीवर. तिथे मोठं जहाजही तिथेच लागतं आणि फेरीसुद्धा. विस्बीला २०१८ मध्ये मोठ्या क्रूझसाठी नवा धक्का झाला, म्हणजे तिथेही फरक मिटला. रीगाचा धक्काही गावापासून चालण्याच्या अंतरावर. राहिलं काय, ग्दान्स्क आणि स्टॉकहोम? दोन धक्क्यांसाठी तिप्पट पैसे!

स्टॉकहोमहून टालिनला आणि हेलसिंकीला रात्रीच्या फेऱ्या आहेत. संध्याकाळी चढा, सकाळी उतरा. द्वीपसमूहातून जाताना बेटं तीच दिसतात. या फेऱ्या मध्यरात्री-पहाटे ऑलँड बेटांवरच्या मारिएहाम्नला काही मिनिटं टेकतात, कारण ऑलँड युरोपीय संघाच्या करक्षेत्राबाहेर आहे आणि तिथे टेकलं की जहाजावर ड्यूटी-फ्री विक्री करता येते. अख्खं वेळापत्रक दारूच्या करावर बेतलेलं. असा प्रामाणिक धंदा मला आवडतो.

सुकाणू
टालिनमध्ये धक्क्याचा फरक नाही, मान्य. तिथे फरक वेळेचा. मोठी जहाजं सकाळी आठ-नऊला येऊन पाचच्या सुमारास निघतात. एका दिवशी अशी दोन-तीन आली की टालिनच्या वरच्या गावातल्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा राहत नाही. पाचनंतर गाव पुन्हा गावकऱ्यांचं होतं. जूनमध्ये तिथे रात्री दहालाही उजेड असतो. छोटी जहाजं कधी रात्री उशिरापर्यंत थांबतात, कधी मुक्काम करतात. 'कधी' म्हणतोय, 'नेहमी' नाही. म्हणूनच तास लेखी मागा म्हटलं. छोटं जहाज असून पाचला निघणार असेल तर मग फेरीच बरी.

तुमची फेरी मला नामंजूर नाही. मात्र फेरीने एक गोष्ट होणार नाही: कील कालवा. उत्तर समुद्र आणि बाल्टिक यांना जोडणारा, १८९५ मध्ये खुला झालेला, ९८ किलोमीटरचा. डेन्मार्कला वळसा घालायचा वाचतो. वरच्या पुलांमुळे जहाजाची उंची चाळीस मीटरच्या आत लागते, त्यामुळे बहुतेक अजस्र क्रूझ जहाजं बाद. डेकवर उभं राहिलं की दोन्ही बाजूंना शेतं, गाई, सायकलवरची पोरं, आणि मधून तुमचं जहाज चाललंय. हॅम्बुर्गहून निघणारा मार्ग मिळाला तर कोपनहेगनऐवजी तो बघा.

तांबडा_रस्सा
ग्दान्स्कबद्दल कुणीच लिहीना म्हणून आलो. राव, दोन दिवस द्या त्या गावाला. नदीकाठची मोठी लाकडी क्रेन १४४० च्या दशकातली. आत माणसं मोठ्या चाकांत चालायची आणि त्या चालण्यावर वरती माल उचलला जायचा, डोलकाठ्या उभ्या व्हायच्या. १९४५ मध्ये जळाली, पुन्हा उभारली. जवळजवळ सगळं जुनं गावच युद्धानंतर परत बांधलंय. काही लोक त्यावरून नाकं मुरडतात. मला तर ज्यांनी ते विटेवर वीट ठेवून केलं त्यांचंच कौतुक वाटतं.

राष्ट्रीय संग्रहालयात मेमलिंगचं 'अंतिम न्याय' हे चित्र चुकवू नका. मेदिची बँकेच्या माणसाने फ्लॉरेन्ससाठी करून घेतलेलं. १४७३ मध्ये ते घेऊन जाणारं जहाज ग्दान्स्कच्या पाउल बेनेके नावाच्या परवानाधारक चाच्याने लुटलं आणि चित्र आपल्या गावच्या चर्चला देऊन टाकलं. फ्लॉरेन्सवाल्यांनी पोपपर्यंत तक्रार नेली, तरी ते परत गेलं नाही!

आणि आमचं कोल्हापूर आठवल्याशिवाय पोलंडवर बोलता येत नाही. १९४३ ते १९४८ वळिवड्याच्या छावणीत पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि पोरं, सैबेरियातून इराणमार्गे आलेली. वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. ग्दान्स्कला नाही, आधीच सांगतो, शोधत बसू नका. पण तिथे वयस्क माणसाशी बोलताना कोल्हापूर म्हणून बघा, कुणाला तरी माहीत निघतं.

वेस्टरप्लाटे, जिथे १ सप्टेंबर १९३९ ला दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या तोफा डागल्या, ते नदीच्या तोंडाशीच आहे. मध्यम-लहान क्रूझ जहाजं बऱ्याचदा त्याच भागात लागतात.

मेतकूट
शाकाहाराचं मी सांगते. छोट्या जहाजावर स्वयंपाकघर लहान, साठा मोजका. बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा, निघायच्या आधी महिनाभर पुन्हा आठवण करा. 'व्हेजिटेरियन' एवढंच लिहू नका. अंडं चालतं का, माशाचा रस्सा चालत नाही, चीजमधलं प्राणिज रेनेट चालतं का, हे फोड करून लिहा. उत्तरेकडे सूपचा पाया बहुधा माशाचा असतो आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. आमच्या जहाजावर (नाव लिहीत नाही) सुरुवातीला रोज रिसोटो आणि भाजलेली वांगी. मग बटलरमार्फत शेफशी बोलले, आणि त्याच्या मदतनिसांत मडगावचा एक तारवटी (जहाजावरचा नोकरदार) निघाला. पुढे डाळ-भाताची सोय झाली, तीही न मागता. क्रूझ जहाजांवर गोव्याची माणसं बरीच असतात. दबकत राहू नका, बोला.

प्रवासी बहुतेक साठी ओलांडलेले, युरोपीय किंवा अमेरिकन. रात्रीच्या जेवणाला साडी सगळ्यात सोयीची. 'फॉर्मल' म्हणजे काय हा प्रश्नच उरत नाही. गप्पा फार होतात, कारण तेच चेहरे रोज. कुणाला हे सुख, कुणाला शिक्षा. आमच्या ह्यांना शिक्षा.

भटकभवानी
सेंट पीटर्सबर्ग कुठेच दिसत नाही. पूर्वी बाल्टिक क्रूझ म्हटलं की तेच मुख्य असायचं ना?

एल्बेकाठी
हो, आणि बऱ्याच जणांसाठी तेच एकमेव कारण. जहाजाच्या प्रवाशांना ठरलेल्या सहलीसोबत ७२ तास विनाव्हिसा उतरता यायचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर पाश्चात्त्य क्रूझ कंपन्यांनी ते बंदर वगळलं. दोन-तीन दिवस मोकळे झाले, ते ग्दान्स्क, क्लाइपेडा, रीगा, बॉर्नहोम असल्यांना मिळाले. तिथल्या हर्मिटाज संग्रहालयाची हळहळ आहेच, पण हान्सा बघायला निघालेल्या माणसाचं नुकसान नाही. पीटर्सबर्गची स्थापनाच १७०३ ची.

व्हिसाही त्यामुळे सोपा झाला. निळीशाई यांच्या मार्गावरचे सगळे देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत आहेत. जिथे सर्वाधिक मुक्काम, त्या देशाकडे अर्ज. दिवस सारखे असतील तर पहिल्या प्रवेशाच्या देशाकडे. जहाजाचं दिवसवार वेळापत्रक जोडा. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. प्रवास ब्रिटनच्या बंदरातून सुरू होणार असेल तर ब्रिटिश व्हिसा वेगळा, आणि शेंगेन एकाहून जास्त प्रवेशांचा मागा.

हिशेबनीस
भारतातून पॅकेज घेतलं की वर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच वसूल करायचा प्राप्तिकर, कापतात. रिटर्नमध्ये तो वळता करून मिळतो, पण तोवर रक्कम अडकते. तिप्पट भाड्यावर तोही तिप्पट.

गलबत
मंडळी नॉर्वेतल्या बर्गनला विसरली. हान्साचं खरं नाक तिथे होतं. ब्रिगेन या जुन्या धक्क्यावरची लाकडी घरं १७०२ च्या आगीनंतर जुन्याच पद्धतीने परत बांधलेली, १९७९ पासून जागतिक वारसा. लोफोटेनचा वाऱ्यावर सुकवलेला कॉड तिथे यायचा आणि बदल्यात धान्य. जर्मन व्यापाऱ्यांना तिथे लग्न करायला बंदी, आणि आगीच्या भीतीने राहत्या घरांत विस्तवाला बंदी. उत्तर समुद्राच्या हिवाळ्यात! त्याच्याच जोडीला फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत आत शिरलेल्या खाड्या, होतात.

सुकाणू
बर्गन सुंदरच आहे, पण त्याची सहल वेगळी करा. बाल्टिकला जोडलं की समुद्रावरचे दिवस वाढतात, आणि उत्तर समुद्रात बोट लागायची शक्यताही. फ्योर्डांचा एक नवा पेच: गाइरांगरसारख्या वारसा यादीतल्या फ्योर्डांत १०,००० टनेजखालच्या प्रवासी जहाजांना १ जानेवारी २०२६ पासून शून्य उत्सर्जनाचा नियम लागू झाला, मोठ्या जहाजांना २०३२ पर्यंत मुदत. म्हणजे तिथे उलट छोट्या जहाजांचीच आधी कोंडी. तिकीट काढण्याआधी फ्योर्डचं नाव वेळापत्रकात आहे का, हे नीट वाचा.

जाता जाता, स्टॉकहोमला वासा बघाच. १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत, धक्का सोडून दीड किलोमीटरही न जाता बुडालेली युद्धनौका. १९६१ मध्ये वर काढली, तर जवळजवळ सगळीच्या सगळी शाबूत! बाल्टिकचं पाणी इतकं अळणी की लाकूड पोखरणारा समुद्रकिडा त्यात जगत नाही. आपल्या किनाऱ्यावर ती काही दशकांतच पोखरून निघाली असती.

निळीशाई
सगळ्यांचे आभार. एजंटला धक्के आणि तास लेखी विचारले. आधी 'कंपनी आयत्या वेळी ठरवते' असं उत्तर आलं. लावून धरल्यावर यादी आली. ग्दान्स्कला वेस्टरप्लाटेजवळ आणि मुक्काम. स्टॉकहोमला शेप्सब्रून. रीगाला रात्री दहापर्यंत. टालिनला मात्र दुपारी चारला निघणार, म्हणजे सुकाणूकाका म्हणतात तो नेमका चुकीचा वेळ. तेव्हा छोटंच जहाज, पण सगळ्यात खालच्या दर्जाची खिडकीवाली केबिन. स्टॉकहोमला उतरल्यावर हिशेबनीस यांची रात्रीची फेरी धरून टालिनला परत जायचं आणि तिथे निवांत राहायचं. यजमानांना फेरीचं तिकीट बघून फार बरं वाटलं.
महिन्याचं ठरायचं आहे. ऑगस्टच्या सुरुवातीला विस्बीत मध्ययुगीन सप्ताह असतो असं वाचलं. तेव्हा जावं का?

एल्बेकाठी
गर्दी आवडत असेल तर जरूर. निम्मं गाव जुन्या वेशात फिरत असतं. साडेतीन किलोमीटरचा तट आणि पडकी चर्चं शांतपणे बघायची असतील तर ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. जूनमध्ये जात असाल तर १९ ते २५ च्या दरम्यानचा शुक्रवार आणि त्याला लागून येणारा शनिवार स्टॉकहोममध्ये पडू देऊ नका. मिडसमरला स्वीडिश लोक शहर सोडून जातात, बरीच दुकानं आणि खाणावळी बंद.

पैलतीर
उशिरा आले धाग्यावर. आईला घेऊन जायचं आहे. काठी घेऊन चालते, जिने नकोत. जमेल का?

सुकाणू
जहाजावर लिफ्ट असते, तरी बुकिंगआधी विचारा, अगदी छोट्या यॉटवर नसते. अडचण गावांत आहे. सगळीकडे फरसबंदी दगडांची, पावसात निसरडी. टालिनच्या वरच्या गावाला चढ आहे, तिथे टॅक्सीने वर जा आणि उतार चालत या, काठी असेल तर तोही नको. विस्बीचे रस्ते समुद्राकडे उतरतात, येताना सगळा चढ. रीगा आणि ग्दान्स्क सपाट. ज्या बंदरात जहाज बाहेर नांगरून लहान बोटीने नेतात तिथे आईंना उतरवू नका, पाणी हललं की बोटीत पाय टाकणं धडधाकट माणसालाही जड जातं. अशी बंदरं कोणती, तेही त्याच यादीत मागून घ्या.